वन्यजीवांसाठी टेलि लेन्स: २००-६०० चा झूम, हलकी प्राइम (झूम न होणारी), ८०० की ६०० एफ/४?

टेलि लेन्स, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स, घ्यायची म्हटलं की आधी मिमी (फोकल लेंथ; जास्त असेल तितका प्राणी मोठा दिसतो) विचारले जातात, मग एफ-आकडा (लहान असेल तितका प्रकाश जास्त). हे दोन आकडे सुटे वाचले की गफलत होते. ८०० एफ/९ आणि ५०० एफ/५.६ या कागदावर अगदी वेगळ्या दिसणाऱ्या लेन्स लांबच्या पक्ष्याकडून जवळजवळ सारखाच प्रकाश गोळा करतात. फोकल लेंथला एफ-आकड्याने भागून पाहा: ८०० भागिले ९ म्हणजे ८९ मिमी, ५०० भागिले ५.६ म्हणजेही ८९ मिमी. प्रकाश आत घेणाऱ्या तोंडाचा हा व्यास. पक्षी तेवढ्याच अंतरावर असेल, शटर स्पीड तोच असेल आणि ५०० चा फोटो क्रॉप करून (कडा कापून) ८०० इतका आणला, तर दोन्हींत नॉइज (दाणेदारपणा) साधारण सारखाच दिसतो. ८०० मध्ये पक्ष्यावर पिक्सेल जास्त पडतात. ५०० मध्ये फ्रेम मोकळी राहते आणि फांद्यांत बसलेला पक्षी चटकन सापडतो.

म्हणून लेन्स शेजारीशेजारी ठेवताना हा व्यास आणि वजन हे दोन रकाने आधी भरायचे. बाकीचं नंतर.

| लेन्स | कमाल फोकल लेंथवर व्यास | वजन, कॉलर किंवा फूट (ट्रायपॉडला जोडायचं कडं किंवा पाय) काढून | त्या टोकाला किमान फोकस अंतर |
|---|---|---|---|
| कॅनन आरएफ १००-५०० एफ/४.५-७.१ | ७० मिमी | १३७० ग्रॅम | १.२ मी. |
| कॅनन आरएफ २००-८०० एफ/६.३-९ | ८९ मिमी | २०५० ग्रॅम, फूट निघत नाही | ३.३ मी. |
| निकॉन झेड १८०-६०० एफ/५.६-६.३ | ९५ मिमी | १९५५ ग्रॅम | २.४ मी. |
| सोनी २००-६०० एफ/५.६-६.३ | ९५ मिमी | २११५ ग्रॅम | २.४ मी. |
| निकॉन झेड ६०० एफ/६.३ पीएफ | ९५ मिमी | १३९० ग्रॅम | ४ मी. |
| सोनी ६०० एफ/४ | १५० मिमी | ३०४० ग्रॅम | ४.५ मी. |

एक अट मात्र लक्षात ठेवा. व्यासाचा हिशोब प्राणी लांब असताना, म्हणजे नाहीतरी क्रॉप करावाच लागणार असताना लागू पडतो. प्राणी इतका जवळ आला की झूम मागे घ्यावा लागतो, तेव्हा नुसता एफ-आकडा मोजायचा. रस्त्याकडेला आलेल्या हरणासाठी ३०० मिमीवर एफ/५ मिळतं की एफ/६.३, एवढाच तिथे प्रश्न असतो.

फ्रेममध्ये नक्की किती मावतं

फुल-फ्रेम सेन्सर ३६ मिमी रुंद असतो. अंतराला ३६ ने गुणा, फोकल लेंथने भागा, फ्रेमची रुंदी मिळते. ६०० मिमीला १० मीटरवर ६० सेंमी, २० मीटरवर १.२ मीटर, ५० मीटरवर ३ मीटर. १५ सेंमीचा पक्षी १० मीटरवर असेल तर ६०० मध्ये तो फ्रेमच्या पाव भाग रुंदी व्यापतो; २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात सुमारे १५०० पिक्सेल, ४५ मेगापिक्सेलमध्ये दोन हजारांच्या वर. तोच पक्षी २० मीटरवर गेला की हे आकडे निम्मे होतात. छोट्या पक्ष्यांसाठी ४०० मिमी तोकडी का पडते ते इथे कळतं. आणि ४०० वरून ६०० ला जाण्याऐवजी दहा पावलं पुढे सरकता आलं तर काय होतं, तेही.

उलट बाजू पाहा. गाडीतून फोटो काढताना प्राणी ८ मीटरवर येऊन उभा राहतो. ६०० मिमीची फ्रेम तिथे फक्त ४८ सेंमी रुंद आहे. हरणाचं डोकं बसेल, अंग बसणार नाही. २०० मिमीला तीच फ्रेम १.४४ मीटर होते. गाडीत बसल्यावर मागे सरकायची सोय नसते, म्हणून सस्तन प्राणी हा मुख्य विषय असेल तर झूमला पर्याय नाही, किंवा मग दुसऱ्या कॅमेऱ्यावर ७०-२०० किंवा १००-४०० लावलेली हवी.

६०० पर्यंतचे झूम: बहुतेकांचं उत्तर इथेच आहे

पहिलीच मोठी टेलि असेल आणि काय काढायचं ते अजून ठरायचं असेल, तर याच गटातून घ्यावी. सोनीची २००-६०० आणि निकॉनची १८०-६०० या दोन्ही झूम करताना लांब होत नाहीत. ही सोय वाटते त्याहून मोठी आहे. गिंबलवर (जड लेन्स तोलून फिरवू देणाऱ्या ट्रायपॉडच्या डोक्यावर) एकदा साधलेला तोल झूम फिरवल्यावर बिघडत नाही, आणि नळी आतबाहेर होत नसल्याने धूळ व ओल आत ओढली जाण्याचं प्रमाण कमी राहतं. निकॉनमध्ये १८० पासून ६०० पर्यंत जायला रिंग फक्त ७० अंश फिरवावी लागते. मनगटाच्या एका वळणात काम होतं. पक्षी आधी कमी मिमीवर शोधून मग झूम आत घेण्याची सवय अशा लेन्सवर पटकन लागते.

सिग्माची १५०-६०० डीजी डीएन स्पोर्ट्स सोनी ई आणि एल माउंटसाठी (कॅमेऱ्याला लेन्स जोडायच्या या दोन खाचांसाठी) येते. काच चांगली आहे, फुटाला आर्का-स्विस खाच (ट्रायपॉडच्या पकडीत थेट बसणारी) मुळातच आहे, १५० पासून सुरू होते. पण नळी बाहेर येते. शिवाय सोनी कॅमेऱ्यावर बाहेरच्या कंपनीची कुठलीही लेन्स लावली की सलग फोटोंचा वेग सेकंदाला १५ वर अडतो आणि टेलिकन्व्हर्टर (लेन्स व कॅमेऱ्याच्या मध्ये लावून मिमी वाढवणारा जोड) चालत नाही. तुमचा कॅमेराच सेकंदाला १० फोटो काढत असेल तर या १५ च्या मर्यादेची चिंता कशाला? २० किंवा ३० फोटोंचा कॅमेरा असेल आणि उडते पक्षी हा विषय असेल, तर मात्र सोनीचीच लेन्स घ्या.

या गटाचा खरा तोटा वजन. दोन किलोची लेन्स, त्यावर पाऊण किलोचा कॅमेरा. हातात धरून दहा मिनिटं पक्ष्याची वाट पाहिली की खांदा आधी थकतो, मग हात थरथरतो, आणि नेमका पक्षी उडतो तेव्हा लेन्स खाली असते. मोनोपॉडने (एकपायी स्टँडने) हे बरंचसं सुटतं.

हलक्या लेन्स

चालत फिरणाऱ्यासाठी निकॉनची ६०० एफ/६.३ पीएफ फार विचार करून बनवलेली लेन्स आहे. फेज फ्रेनेल (पीएफ) घटकामुळे तिची लांबी आणि वजन घटलंय. १८०-६०० इतकाच व्यास, वजन मात्र साडेपाचशे ग्रॅमहून अधिक कमी, आणि उरलेलं वजनही बरंचसं मागच्या बाजूला, त्यामुळे उडत्या पक्ष्यामागे ती सहज फिरते. तीव्र प्रकाशाचा उगम फ्रेममध्ये किंवा फ्रेमच्या अगदी कडेला असेल तर पीएफमुळे रंगीत कड्यांसारखा फ्लेअर येऊ शकतो. बॅकलाइट आवडणाऱ्याने हे घेण्याआधी स्वतः तपासावं. दुसरी अडचण किमान फोकस अंतराची: ४ मीटरच्या आत आलेला पक्षी, फुलपाखरू, सरडा हिच्या हद्दीबाहेर.

नेमकं तिथे कॅननची १००-५०० सरस ठरते. ५०० मिमीवर १.२ मीटरपर्यंत फोकस, वास्तवाच्या ०.३३ पट आकार. चतुर आणि फुलपाखरांना वेगळी मॅक्रो लेन्स नसली तरी चालतं. पण ७० मिमी व्यास म्हणजे लांबच्या पक्ष्यासाठी ९५ मिमीच्या लेन्सपेक्षा प्रकाश जवळजवळ निम्माच. शिवाय टेलिकन्व्हर्टर लावला की ही लेन्स ३०० ते ५०० मध्येच चालते, ३०० च्या मागे मिटत नाही, आणि बॅगेत ठेवताना कन्व्हर्टर काढावा लागतो. ही गोष्ट अनेकांना खरेदीनंतर कळते.

८०० चा मोह

कॅननच्या २००-८०० ने ८०० मिमी हातात धरण्याजोगी केली, यात शंका नाही. भर उन्हात, उघड्या पाणथळ जागी, लाजाळू पाणपक्ष्यांसाठी ती उत्तम. झाडीत पहाटे मात्र एफ/९ चा चटका बसतो. समजा १/५०० शटरला एफ/६.३ वर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता; वाढली की नॉइज वाढतो) ६४०० लागतो. एफ/९ वर तो १२८०० होईल, एफ/४ वर २५००, एफ/२.८ वर १२५०. स्टॅबिलायझेशन इथे कामाला येत नाही. ते तुमच्या हाताची थरथर सावरतं, पक्ष्याने मान वळवली तर ती थांबवत नाही. बसलेल्या पक्ष्याला १/२५० ते १/५००, चालत्या प्राण्याला १/५००, उडत्या पक्ष्याला १/२००० आणि छोट्या चपळ पक्ष्यांना १/३२०० हे धरूनच आयएसओचा हिशोब करा.

आणखी एक गोष्ट लेन्सच्या हातात नसते: तापलेल्या जमिनीवरून उठणारी गरम हवा. उन्हं चढल्यावर ऐंशी-शंभर मीटरवरचा प्राणी ८०० मिमीने काढला की कडा लिबलिबीत येतात आणि लोक लेन्सला किंवा फोकसला दोष देतात. तिथे मोठी लेन्स नुसती तो लिबलिबीतपणा मोठा करून दाखवते. इंजिन चालू असलेल्या गाडीच्या बॉनेटवरून किंवा गारेगार गाडीची काच नुकतीच खाली करून काढलेल्या फोटोंतही हेच होतं.

निकॉनची ८०० एफ/६.३ पीएफ ही वेगळी जात आहे, १२७ मिमी व्यास, कॉलरसकट २३८५ ग्रॅम. फक्त पक्षी काढणाऱ्याने ६०० एफ/४ च्या आधी हिचा विचार करावा. कॅननची ८०० एफ/११ अवघी १२६० ग्रॅमची, पण अ‍ॅपर्चर (लेन्सचं प्रकाश आत घेणारं छिद्र) बदलत नाही, फोकस ६ मीटरपासून पुढे, आणि ऑटोफोकस फ्रेमच्या मधल्या भागापुरता. चांगल्या उन्हातली हौस म्हणून ठीक.

६०० एफ/४ कधी घ्यावी

९५ वरून १५० मिमी म्हणजे अडीच पट प्रकाश, सव्वा स्टॉपहून थोडा जास्त (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). पार्श्वभूमी विरघळते, पहाटेची आणि संध्याकाळची अर्धा-पाऊण तासाची वेळ वापरता येते, १.४एक्स टेलिकन्व्हर्टर लावूनही एफ/५.६ उरतो. बदल्यात तीन किलो वजन, गिंबल आणि भक्कम ट्रायपॉड, विमानप्रवासात मोठी बॅग. फुल-फ्रेमवर १० मीटरला एफ/४ वर टोकदार दिसणारी खोली जेमतेम ६-७ सेंमी मिळते. पक्ष्याचा डोळा टोकदार आणि शेपूट धूसर, हे मान्य नसेल तर तुम्ही नाहीतरी एफ/६.३ वर याल आणि लेन्सचा अर्धा मोबदला वाया जाईल.

४०० एफ/२.८ की ६०० एफ/४ हा वाद प्रकाशाचा नाहीच. १४३ आणि १५० मिमी, फरक नगण्य. अंधुक उजेडात मोठे प्राणी काढणाऱ्याला ४०० ची रुंद फ्रेम सोयीची, पक्षीवाल्याला ६००. निकॉनच्या झेड मालिकेतल्या या दोन्ही लेन्समध्ये १.४एक्स कन्व्हर्टर आतच बसवलेला आहे, खटका ओढला की चालू. धुळीत लेन्स उघडावी लागत नाही, हाच त्याचा मोठा गुण.

सुट्या कन्व्हर्टरबद्दल थोडक्यात: १.४एक्स एक स्टॉप खातो, २एक्स दोन. व्यास वाढत नाही, तोच प्रकाश जास्त पिक्सेलवर पसरतो. एफ/६.३ च्या झूमवर २एक्स लावण्यापेक्षा क्रॉप बरा. १.४एक्स २४ मेगापिक्सेलवर उपयोगी, ४५ वर फायदा थोडा आणि ऑटोफोकसचा वेग कमी. डीएसएलआरवर (आरसा असलेल्या जुन्या धाटणीच्या कॅमेऱ्यावर) एफ/८ च्या पलीकडे ऑटोफोकसची आशाच ठेवू नये. छोट्या सेन्सरचंही असंच. १.५ पट क्रॉपने ६०० ची ९०० 'होते' म्हणतात. काचेतून येणारा प्रकाश तेवढाच असतो, फ्रेम अरुंद होते.

वापरलेली लेन्स घेत असाल तर

डीएसएलआरच्या काळातली निकॉन २००-५०० एफ/५.६ किंवा ५०० एफ/५.६ पीएफ अडॅप्टरवर आजही चोख चालते, आणि मर्यादित खिशासाठी नव्या स्वस्त लेन्सपेक्षा बरी. घेण्याआधी मागून टॉर्च मारून पुढून पाहा: धुळीचे दोन-चार कण चालतात, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी, आणि दुधाळ पापुद्रा दिसला तर तिथेच परत करा. सपाट भिंतीवर छापील कागद लावून पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर चारही कोपरे तपासा. एकच कोपरा मऊ आला तर लेन्स कधीतरी पडलेली असू शकते. किमान अंतरापासून अनंतापर्यंत फोकस दहा-बारा वेळा पळवून अडखळतो का बघा. झूम बाहेर येणारी असेल तर ती तोंड खाली करून धरा. वजनाने आपोआप घसरत असेल तर भाव करताना ते धरावं.

पुढे यूव्ही फिल्टर लावलेला असेल तर चाचणीआधी काढा. ६०० मिमीवर हलक्या दर्जाचा फिल्टर पार्श्वभूमीतल्या फांद्यांना दुहेरी कडा आणतो आणि चांगली लेन्स नाकारली जाते. काचेचं रक्षण हूड करतो. सोनी आणि निकॉनच्या या झूमच्या फुटाला आर्का खाच नसते, तेव्हा तेवढी प्लेट किंवा बदली फूट खर्चात धरा. प्लेट लांबट आणि दोन स्क्रूची घ्या. एका स्क्रूवरची लेन्स गिंबलवर फिरवताना हळूहळू सैल होते.