डॉक्टरचं ईएसए लेटर: काही महिने वापरून झाल्यावरचा अनुभव (ठाणे, भाड्याचा फ्लॅट)

ईएसए लेटर म्हणजे 'इमोशनल सपोर्ट अ‍ॅनिमल'चं लेटर, पेशंटला मानसिक आधारासाठी पाळीव प्राणी सोबत हवा असं डॉक्टरने लिहून दिलेलं पत्र. घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या बाजूला भाड्याचा टू बीएचके, अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट, घरात मी, आई आणि बुंदी. बुंदी आमची देशी कुत्री, तपकिरी ठिपक्यांची, पंधरा किलोच्या आसपास. लेटर आईच्या नावाचं. बाबा गेल्यावर आईला साताऱ्याहून इकडे आणलं, त्यानंतर तिची रात्रीची धडधड, घाम, झोप उडणं, एकटीने लिफ्टमध्ये जायची भीती हे सगळं सुरू झालं. गोळ्या चालू आहेत, पण बुंदीचा पट्टा हातात असला की आई खाली उतरते आणि नसला की उतरत नाही, हे मी रोज डोळ्यांनी बघते.

आत्ता लिहायचं कारण म्हणजे अ‍ॅग्रीमेंट रिन्यू झालं आणि ओनरने या वेळी "एक पाळीव कुत्रा ठेवण्यास हरकत नाही" अशी ओळ घालू दिली. गेल्या वर्षी हाच माणूस कुत्रा म्हटलं की फोन ठेवत होता.

आधी ऑनलाइन लेटरचं सांगते कारण पैसे तिथेच सगळ्यात जास्त वाया गेले. एका वेबसाइटवर २,४९९ रुपये भरले, दहा-बारा प्रश्नांचा फॉर्म, कोणाशी बोलणं नाही, आईचा आवाजसुद्धा कोणी ऐकला नाही आणि दुसऱ्या दिवशी रंगीत पीडीएफ हजर, सोबत गळ्यात अडकवायचं कार्ड. लेटरमध्ये काय, तर फेअर हाउसिंग अ‍ॅक्टप्रमाणे घरमालकाने सवलत द्यावी. तो कायदा अमेरिकेचा आहे! कासारवडवलीचा ओनर त्याचं काय करणार? खाली सही आहे पण मेडिकल कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर नाही. कस्टमर केअरला विचारलं तर म्हणे हे इंटरनॅशनल फॉरमॅट आहे आणि डिजिटल प्रॉडक्टचा रिफंड नसतो. एवढ्या पैशात बुंदीचं रेबीजचं इंजेक्शन, जंताची गोळी आणि वर महिन्याचं खाणं सुटलं असतं, म्हणून चिडूनच लिहितेय, आणि कोणाचे वाचणार असतील तर वाचू देत. अमेरिकेतसुद्धा तिथल्या गृहनिर्माण खात्याने २०२० मध्येच सांगून टाकलं होतं की पैसे भरणाऱ्या कोणालाही सर्टिफिकेट देणाऱ्या साइटचा कागद एवढ्यावरच पुरेसा पुरावा धरता येत नाही. आणि जानेवारी २०२१ पासून तिथल्या विमान कंपन्यांवर असे ईएसए प्राणी सर्व्हिस डॉग (अपंग माणसाच्या मदतीसाठी खास शिकवलेला कुत्रा) म्हणून घ्यायची सक्ती नाही. म्हणजे ज्या देशाच्या नावावर हे आपल्याला कागद विकतात तिथेच तो असा अडतो.

आपल्याकडे ईएसए नावाची कायद्यात वेगळी जागाच नाही. नोंदणी नाही, सरकारी कार्ड नाही, बिल्ला नाही. आहे ते फक्त एका डॉक्टरचं एका पेशंटबद्दलचं मत, सहीशिक्क्यानिशी. हे एकदा नीट लक्षात घेतलं की पुढचं सोपं जातं.

मग आईचेच सायकिअ‍ॅट्रिस्ट, नौपाड्यातले, त्यांच्याकडे विषय काढला. (घोडबंदरवरून संध्याकाळी नौपाडा म्हणजे मेट्रोच्या कामामुळे तास धरून चाला, सकाळची अपॉइंटमेंट घ्या.) ते लगेच तयार झाले नाहीत आणि ते मला आवडलं. आईला एकटीला आत बसवून बोलले, बुंदी कधीपासून आहे, कोण फिरवतं, कोणाला चावली आहे का, लसी झाल्यात का, तुम्हाला बरं नसताना तिचं कोण करणार, सगळं विचारलं. मला म्हणाले, "पुढच्या फॉलोअपला देतो, तोपर्यंत झोपेची डायरी लिहा." आईने डायरीत बुंदी जवळ झोपलेली रात्र आणि दूर झोपलेली रात्र वेगवेगळी लिहिली, कोणी सांगितलं नव्हतं तरी. फॉलोअपचे नेहमीचे १,००० रुपये घेतले, लेटरचे वेगळे काही नाही.

कागद कसा असावा ते इथे सांगते. डॉक्टरांचं लेटरहेड, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर, तारीख, पेशंटचं नाव-वय-पत्ता, पेशंटची सही आणि शरीरावरची एक ओळखीची खूण. ती खूण बघून मला आधी विचित्र वाटलं, पण २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या आचारसंहितेतच आहे की सर्टिफिकेट देताना डॉक्टरने पेशंटची सही, पत्ता आणि एक तरी खूण नोंदवायची आणि कॉपी स्वतःकडे ठेवायची. खोटं सर्टिफिकेट दिलं तर त्यांच्या रजिस्ट्रेशनवर येतं. म्हणून खरा डॉक्टर दोन प्रश्न जास्त विचारतो.

आता सोसायटी. नोटीस आली होती की भाडेकरूंचे कुत्रे पॅसेंजर लिफ्टमध्ये नकोत, जिना वापरा, आणि अपवाद हवा असेल तर वैद्यकीय पुरावा जोडून अर्ज करा. आम्ही अकराव्या मजल्यावर, आईचे गुडघे बासष्ट वर्षांचे. अर्ज केला, लेटरची झेरॉक्स जोडली, सोबत बुंदीचं लसीचं कार्ड आणि पालिकेच्या परवान्याची कॉपी. आठवड्याभरात सेक्रेटरी काकांनी "ठीक आहे" म्हटलं आणि लिफ्ट सुरू झाली. तेव्हा मला वाटलं लेटरने काम केलं. पाचपैकी साडेचार, कोणालाही घ्या म्हणून सांगेन.

ओनरने ओळ घालू दिल्याचं सुरुवातीला आत्ता जोडलंय, ते सोडून इथपर्यंत नवरात्रात लिहून ठेवलं होतं. पुढचं दिवाळीनंतर लिहितेय आणि मार्क बदलतेय.

दिवाळीच्या आधी कोणाच्या तरी दारासमोर घाण सापडली. बुंदीची नव्हती, आम्ही त्या विंगमध्ये जातच नाही आणि पिशवी, स्कूप कायम बरोबर असतं. पण सोसायटीच्या ग्रुपवर भांडण पेटलं, कोणीतरी विचारलं की भाडेकरूंना लिफ्टची परवानगी कशी दिली, आणि उत्तर म्हणून कमिटीतल्या एकाने आईच्या लेटरचा फोटो सरळ ग्रुपवर टाकला. पूर्ण पान. नाव, वय, फ्लॅट नंबर, आणि मधोमध ती ओळ, ज्यात आजाराचं नाव आणि चालू गोळ्या होत्या.

दीडशेच्या वर फ्लॅट आहेत या सोसायटीत. आई ग्रुपवर नाही, पण संध्याकाळी खाली बाकावर बसणाऱ्या बायका आहेत ना. एकीने आपुलकीनेच विचारलं, "वहिनी, झोपेच्या गोळ्या किती वर्षं चालू आहेत?" दुसरी लिफ्टमध्ये तिच्यासमोरच कोणाला तरी म्हणाली की एवढं असेल तर हॉस्पिटलला दाखवावं, कुत्रं कशाला. साताऱ्याकडे "येरवड्याला पाठवा" म्हणतात आणि इथे "ठाण्याला पाठवा", आईने ते आयुष्यभर दुसऱ्यांबद्दल ऐकलंय. घरी आल्यावर तिने एवढंच विचारलं, "सगळ्यांनी वाचलं का गं?" त्यानंतर बरेच दिवस ती बुंदी असूनही खाली उतरली नाही. मी सकाळी ऑफिसच्या आधी आणि रात्री आल्यावर फिरवायचे आणि बुंदी लिफ्टपाशी थांबून मागे बघत राहायची, आई येतेय का म्हणून.

आता माझं या सगळ्या रिव्ह्यूमधलं म्हणणं त्या एका ओळीपाशी येऊन थांबतं, बाकी शिक्का, फी, फॉरमॅट सगळं दुय्यम. आजाराचं नाव लेटरमध्ये नको. गोळ्यांची नावं तर अजिबात नकोत. सोसायटीला, ओनरला, वॉचमनला, कोणालाही ते कळायची गरज नाही. त्यांना कळायला हवं ते एवढंच की ही व्यक्ती माझ्या उपचाराखाली आहे आणि हा प्राणी सोबत असणं तिच्या तब्येतीसाठी मी आवश्यक मानतो. २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्टच्या कलम २३ मध्ये पेशंटची माहिती गुप्त ठेवायचा हक्क दिलाय, पण ते बंधन उपचार करणाऱ्यांवर आहे. आपण झेरॉक्स काउंटरवर दिली की ती सोसायटीच्या फाइलमध्ये जाते, फाइल कमिटीच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली दर निवडणुकीला हात बदलते. डॉक्टर त्यात कुठे पुरे पडणार?

मी परत नौपाड्याला गेले. डॉक्टर स्वतः अस्वस्थ झाले, म्हणाले की सोसायट्या, ऑफिसं कारण मागतातच म्हणून सवयीने लिहिलं जातं. दुसरं लेटर दिलं, सहा ओळींचं, निदान नाही, औषध नाही, "कोणत्याही खुलाशासाठी पेशंटच्या लेखी संमतीने संपर्क साधावा" अशी शेवटची ओळ आणि त्याच्यावर सही. हे लेटर पहिल्यापेक्षा लहान आहे आणि दहापट चांगलं आहे. तुम्ही घेणार असाल तर पेन टेकायच्या आधी डॉक्टरांना सांगा. झेरॉक्सवर आडवं लिहा की कशासाठी दिली, कोणाला दिली, तारीख काय. मी तर आता ओरिजिनल नुसतं दाखवते आणि परत घेते.

आणि दुसरी गोष्ट जी मला याच गडबडीत कळली आणि जिच्यामुळे मार्क अजून खाली आले. लिफ्टसाठी लेटर लागतच नव्हतं! ऑफिसमधल्या एकीने अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या गाइडलाइन्स पाठवल्या. त्यात स्पष्ट आहे की सोसायटी कुत्रा पाळायला बंदी घालू शकत नाही, जनरल बॉडीत बहुमताने ठराव करूनसुद्धा नाही, लिफ्ट वापरायचे वेगळे पैसे घेऊ शकत नाही, आणि भुंकणं हे बंदीचं कारण होत नाही. केरळ हायकोर्टानेही २०२१ मध्ये म्हटलंय की पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालणारे नियम टिकत नाहीत, तो निकाल महाराष्ट्रात बंधनकारक नसला तरी अर्जात लिहायला वजन येतं. यात पेशंट, डॉक्टर, आजार कुठेच नाही. निरोगी माणसालाही तेवढाच हक्क आहे. आपल्या बाजूने पट्टा, सफाई, लसी आणि पालिकेचा परवाना, हे चोख हवं. म्हणजे आईचा आजार दाखवून आम्ही जी परवानगी "मिळवली" ती आमचीच होती, आणि नोटिशीत वैद्यकीय पुरावा मागायचाच काही संबंध नव्हता. याचा संताप अजून गेलेला नाही.

मग लेटरचा खरा उपयोग कुठे झाला? ओनरकडे. सोसायटी आणि ओनर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे भाडेकरूंनी ध्यानात ठेवा. लिव्ह अँड लायसन्समध्ये "नो पेट्स" लिहिलेलं असेल आणि तुम्ही सही केली असेल तर बोर्डाच्या गाइडलाइन्स दाखवून ओनरशी बोलणं पुढे सरकत नाही, तिथे माणसाला पटवावंच लागतं. मी नवीन, सहा ओळींचं लेटर घेऊन आईसकट त्यांच्याकडे गेले, बुंदीने घराचं काही नुकसान केलं तर डिपॉझिटमधून कापा असं स्वतः लिहून दिलं. त्यांनी कागद वाचला, आजार विचारला नाही. म्हणाले, "माझी आई मांजराशिवाय जेवत नव्हती." ओळ घातली गेली. ब्रोकर मात्र यासाठी जास्तीचे पैसे मागत होता, दिले नाहीत.

बाकी ठिकाणी लेटर चालत नाही, उगाच आशा ठेवू नका. रेल्वेत कुत्रा न्यायचा तर फर्स्ट क्लासचा पूर्ण कूपे घ्या नाहीतर ब्रेक व्हॅनमधला डॉग बॉक्स, लेटर दाखवून स्लीपरमध्ये बसता येत नाही. विमानात काही कंपन्या केबिनमध्ये पाळीव प्राणी घेतात पण वजनाची मर्यादा असते, पंधरा किलोची बुंदी त्यात बसत नाही. साताऱ्याला आम्ही गाडी करूनच जातो.

एक मात्र या सगळ्यातून चांगलं निघालं आणि ते लेटरच्या किमतीत धरायला हवं. त्या डायरीमुळे डॉक्टरांना कळलं की आईला पहाटे तीन-साडेतीनला जाग येते, त्यांनी गोळीची वेळ बदलली, आणि झोप खरंच सुधारली. ऑनलाइनवाल्याने दहा-बारा प्रश्नांत हे कधी पकडलं असतं? ज्यांना खासगी फी परवडत नाही त्यांनी निदान बोलायला टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावावा, फुकट आहे, मराठीतून बोलता येतं. लेटर तिथे मिळत नाही, पण लेटर ही नंतरची गोष्ट आहे, आधी माणसावर उपचार चालू हवेत.

तर आजच्या तारखेला: ऑनलाइन लेटरला शून्य. आजाराचं निदान लिहिलेल्या लेटरला दोन, कारण कागद खरा होता. निदान नसलेल्याला चार, एक मार्क कापला कारण ओनरने दर रिन्यूअलला ताज्या तारखेचं मागितलंय, म्हणजे दरवर्षी फॉलोअपची फी आणि ऑफिसची अर्धी सुट्टी.

आई आता परत उतरते, बाकावर बसत नाही, बुंदीला घेऊन गेटपर्यंत जाऊन येते. ग्रुपवरचा फोटो डिलीट झालाय पण कोणाकोणाच्या फोनमध्ये आहे देव जाणे. जुनी झेरॉक्स फाइलमधून काढून परत द्या आणि वैद्यकीय पुराव्याची अट रद्द करा असा लेखी अर्ज दिलाय, पोचपावती घेतलीय. पुढच्या कमिटी मीटिंगपर्यंत उत्तर नाही आलं तर तोच अर्ज सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांच्या ऑफिसला जाईल, आजाराचं नाव खोडून.