पणजीतली दोन दिवसांची अजाइल कोचिंग कार्यशाळा: कोणी करावी?

अजाइल म्हणजे छोट्या टप्प्यांत काम करत सुधारत जायची पद्धत, स्क्रम हा तिचा एक प्रकार. स्क्रम मास्टर (टीमला स्क्रम नीट पाळायला मदत करणारा) झालात, स्क्रमच्या सगळ्या ठरलेल्या बैठका पार पडतात, तरी टीम हलत नाही? मग ही कार्यशाळा जरूर करा. टीम कुठल्या टप्प्यावर आहे ते ओळखून कोचने आपली पद्धत बदलायची, यावर इथे सगळा भर आहे.

नव्या टीमला नुसते प्रश्न विचारून भागत नाही. तिला थेट सांगावं लागतं: डेली स्क्रम (टीमची रोजची छोटी बैठक) १५ मिनिटांचा, माणशी एका वेळी एकच काम, काम 'पूर्ण' कधी म्हणायचं ते कामांच्या बोर्डाशेजारी लिहिलेलं. टीम सरावली की मात्र कोचने मागे सरायचं. बहुतेकांचं इथेच चुकतं. सूचना थांबत नाहीत, मग डेली स्क्रममध्ये प्रत्येक जण कोचकडे बघून हजेरी दिल्यासारखा बोलतो. त्यावरचा सराव छान आहे: कोचने वर्तुळाबाहेर उभं राहायचं आणि जे काम पूर्ण होत आलंय त्यापासून चर्चा सुरू करायची.

सगळ्यात सरस सत्र रेट्रोस्पेक्टिव्हचं, म्हणजे प्रत्येक स्प्रिंटच्या (ठरावीक मुदतीच्या कामाच्या टप्प्याच्या) शेवटी काय सुधारायचं ते ठरवणाऱ्या बैठकीचं. आधी पाच मिनिटं मुकाट्याने चिठ्ठ्या लिहायच्या. मराठी, कोंकणी, कुठलीही भाषा चालते. इंग्रजीत गप्प बसणारा टेस्टर इथे मोकळा होतो. शेवटी एकच सुधारणा निवडून पुढच्या स्प्रिंटच्या बॅकलॉगमध्ये (कामांच्या यादीत) टाकायची.

कानबान (स्प्रिंटऐवजी चालू कामांची संख्या मर्यादित ठेवून काम पुढे सरकवायची पद्धत) मात्र घाईत उरकतात. रोज नव्या तक्रारी हाताळणाऱ्या सपोर्ट टीमला स्प्रिंटचं आधी ठरवलेलं नियोजन टिकवता येत नाही; चालू कामांची मर्यादा कशी ठरवायची, हे तिला शिकायचं असतं. अशांनी नोंदणीआधी आयोजकांशी बोलून घ्यावं.