कपात उरलेला क्लिअर सकाळीही पातळच होता

वणी-वरोरा रस्त्याला माझं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. एकोणीस वर्षं रंग फवारायची गन हातात आहे. गेल्या वर्षी एका माल विकणाऱ्यानं मला नकली क्लिअर (रंगावर मारायचा पारदर्शक, चकाकणारा थर) आणि हार्डनर (तो थर पक्का करायला त्यात कालवायचा माल) दिला, तो मी नऊ गाड्यांवर मारला, आणि त्या नऊ गाड्यांचा रंग काढून त्या पुन्हा उघड्या करायची पाळी माझ्यावर आली. तो माणूस एकट्या माझ्याकडे येत नव्हता. राळेगाव, मारेगाव, पांढरकवड्याच्या पोरांकडेही त्याची गाडी थांबायची, हे मला नंतर कळलं. म्हणून जे झालं ते सगळं लिहितो.

संक्रांतीच्या सुमारास तो पहिल्यांदा आला. पांढरी व्हॅन, मागे खोके नीट रचलेले, हातात नामांकित कंपनीचं शेड कार्ड. बोलायला गोड. "भाऊ, क्लिअरसाठी नागपूरले काहून जाता? गाडीभाडं, एक दिवस, सगळं वाया. मी दारात आणून देतो." नागपूरच्या दुकानात एक लिटर क्लिअर आणि अर्धा लिटर हार्डनरचा जोड मला साडेचौदाशेला पडायचा. त्यानं साडेनऊशे सांगितला. बिलाचं विचारलं तर म्हणाला, "बिल पाह्यजे असन तं अठरा टक्के लागते. बिनाबिलाचं घ्या, तुमचेच पैसे वाचतीन."

पहिले चार जोड घेतले. माल अस्सल होता. दोन भाग क्लिअर, एक भाग हार्डनर, थोडा थिनर, दोन हात, म्हणजे दोन थर मारले की आरशासारखा चकाका. बफिंगलाही फारसं काही उरलं नाही. मार्चमध्ये पुन्हा घेतला, तोही चांगला. तिथं माझा विश्वास बसला आणि मी डबा निरखून पाहणं सोडलं. खरा माल दोनदा देऊन त्यानं माझी सवय मोडली. त्याच्या धंद्यातली ती पहिली पायरी होती, हे मला आता दिसतं.

एप्रिलमध्ये आलेला माल वेगळा होता, आणि तो वेगळा आहे हे मला दिसत होतं. दिसूनही मी त्याला फायदा समजलो, ही गोष्ट मनातून जात नाही.

आमच्याकडे हवेत कोळशाची धूळ असते. खाणीचे टिप्पर दिवसभर जातात. क्लिअर मारला की तो हाताला न चिकटेपर्यंतचा वेळ जिवावर येतो, कारण शेड कितीही बंद केला तरी काळे कण येऊन बसतातच. या नव्या मालाचा वरचा थर दहा मिनिटांत सुकायचा. धूळ बसायच्या आत गाडी मोकळी. मला वाटलं, कंपनीनं काहीतरी सुधारणा केली असेल. दोन हातांत भरायचं ते आता तीन हातांत भरत होतं, पण तेही मी उन्हावर ढकललं.

दुसरी गोष्ट कपाची. टूके, म्हणजे दोन भाग मिसळून पक्का होणारा माल, एकदा हार्डनर घालून कालवला की त्याला आयुष्य असतं. आमच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीला गेलेला असताना, तास-दोन तासांत तो घट्ट व्हायला लागतो, आणि रात्रभर राहिला तर सकाळी कपात काचेचा गोळा सापडतो. उरलेला माल म्हणजे फेकलेला पैसा, हे प्रत्येक पेंटरला ठाऊक आहे. एका सकाळी माझ्या हाताखालचा पोरगा कप हलवत आला. "दादा, कालचा माल अजून पातळच हाये. वाया नाही गेला." मी कपात काडी घातली, वर उचलली. तार धरून खाली टपकला. मला आनंद झाला. त्याच मालानं आम्ही त्या दिवशी एका फेंडरला क्लिअर मारला.

ज्याच्यात हार्डनर पडला आहे तो माल दुसऱ्या दिवशी पातळ राहूच शकत नाही. हार्डनरमधलं आयसोसायनेट क्लिअरमधल्या रेझिनशी धरतं आणि दोघांची जाळी तयार होते. ती जाळी म्हणजेच टूके. एकदा झाली की थिनरनं पुन्हा विरघळत नाही. वन-के लॅकरचं, म्हणजे हार्डनर न लागणाऱ्या एकाच डब्यातल्या मालाचं, तसं नाही. त्यातला थिनर उडून जातो, मागे कोरडा थर राहतो, आणि वर पुन्हा थिनर पडला की तो थर परत मऊ होतो. लवकर सुकणं आणि कपात पातळ राहणं, या दोन्ही खुणा लॅकरच्या होत्या. मला एकोणीस वर्षांत हे शिकवायला कोणी यावं लागलं नव्हतं. स्वस्त मिळाल्याच्या आनंदात मी ते बाजूला ठेवलं.

जूनमध्ये मृगाचा पाऊस आला आणि बिंग फुटायला लागलं. पहिल्यांदा एका बोलेरोचा दरवाजा मारताना क्लिअर चुन्यासारखा पांढुरका झाला. दमट हवेत लॅकर मारलं की असं होतं. थिनर झपाट्यानं उडताना पत्रा थंड पडतो आणि हवेतली ओल थरात अडकते. मी पोरावर ओरडलो, कॉम्प्रेसरचं पाणी काढलं नसशील म्हणालो. त्यानं सकाळीच काढलं होतं. तो काही बोलला नाही, खाली मान घालून पुन्हा कॉक सोडून दाखवला. पाण्याचा थेंब आला नाही.

आठवड्याभरात गुरुजी आले. निवृत्त शिक्षक, लेकीच्या लग्नाआधी स्विफ्ट पूर्ण रंगवून घेतली होती, चांदी शेड. पंपावर पेट्रोल भरताना टाकीच्या झाकणाखाली चार थेंब ओघळले होते. त्यांनी रुमालानं पुसले तर रुमालाला क्लिअर आला. "भाऊ, हे पाहा बरं. बोट लावलं तं चिकटून राह्यलं." मी बोट लावलं. माझ्या बोटाचा ठसा त्या थरावर तसाच उमटला, रेघन्‌रेघ दिसत होती. लग्नात ती गाडी वरपक्षाच्या दारात उभी होती म्हणे. गुरुजी रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

विकणाऱ्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, उन्हामुळं झालं, तुमच्याकडची गर्मी फार. हे कारण इतकं खरं वाटतं की दोन दिवस मीही मानलं. ऊन क्लिअरला त्रास देतं हे खरंच आहे. फास्ट हार्डनर आणि फास्ट थिनर घेऊन मे महिन्यात मारला तर वरची कातडी आधी धरते, आतला थिनर बाहेर यायला धडपडतो आणि पिनहोल, म्हणजे सुईएवढी भोकं पडतात. म्हणून आपण उन्हाळ्यात स्लो, म्हणजे सावकाश सुकणारा घेतो. पण उन्हानं टूके लवकर आवळतो. महिनाभर उन्हात उभी असलेली गाडी मऊ राहिली, तर दोष उन्हाचा नाही, डब्याचा आहे. कोणी उन्हाचं नाव घेतलं तर त्याला एवढंच विचारा.

त्यानंच पुढे सल्ला दिला, वरून सीलर मारा, मग पुन्हा क्लिअर, सगळं झाकलं जाईल. सीलरही त्याचाच. मी एका दरवाजावर करून पाहिलं, आणि सीलरवर चांगला टूके चढवताच खालचा थर सुरकुतला, उकळलेल्या दुधाच्या सायीसारखा. सीलर हा पक्क्या, घासलेल्या, धरलेल्या थरावर चालतो. जुना रंग आणि नवा रंग यांच्यात तो पडदा असतो. खालीच मऊ लॅकर असेल तर नव्या मालातला तेज थिनर त्याला उचलतोच, मध्ये पडदा असो वा नसो. तो दरवाजा पत्र्यापर्यंत साफ करावा लागला, आणि मग बाकीच्या गाड्यांचं काय करायचं ते मला कळलं.

नागपूरला खऱ्या वितरकाकडे माझ्याकडचे डबे घेऊन गेलो. तिथल्या माणसानं त्यांचा अस्सल क्लिअर घेतला, त्यात माझ्याकडचा हार्डनर मापानं कालवला आणि कप ठेवून दिला. शेजारी त्यांचा क्लिअर आणि त्यांचाच हार्डनर, असा दुसरा कप. मी मुक्काम केला. सकाळी त्यांचा कप उलटा केला तर काही पडलं नाही. माझ्या हार्डनरचा कप उलटा केला आणि सगळं टेबलावर सांडलं. मग माझ्या क्लिअरचा वाळलेला पॅनल थिनरच्या फडक्यानं घासला, अर्ध्या मिनिटात खालचा बेसकोट, म्हणजे रंगाचा थर, उघडा पडला.

त्यानं मला डबा कसा पाहायचा तेही दाखवलं. झाकणाच्या कडेला एकदा उचकटल्याच्या खुणा होत्या, बारीक, पण नखाला लागत होत्या. मार्चच्या, एप्रिलच्या आणि मेच्या डब्यांवर बॅच नंबर एकच होता. आणि एका डब्यावर लेबलचा कोपरा सोलला तर खाली वाळलेल्या लाल रंगाचा ओघळ. म्हणजे तो डबा याआधी कोणाच्या तरी गॅरेजमध्ये रिकामा झाला होता. आमच्याकडे येणारा भंगारवाला या कंपनीचे डबे वेगळे काढून जास्त पैसे द्यायचा, ते तेव्हा आठवलं. तेव्हापासून मी रिकाम्या डब्याला खिळ्यानं भोक पाडून, लेबल फाडूनच देतो. तुम्हीही द्या. पुढच्या माणसाचा घात आपल्याच डब्यातून होतो.

हिशेब मांडला. गाडीमागे तीन जोड, जोडामागे पाचशे वाचले, म्हणजे नऊ गाड्यांत साडेतेरा हजार. एक गाडी पुन्हा उघडी करून प्रायमर, बेसकोट, क्लिअर असं सगळं नीट करायला मजुरी सोडूनच चौदा हजार जातात. सहा गाड्या झाल्या, तीन राहिल्या. पहिली गुरुजींची केली.

पोलीस ठाण्यात गेलो. पहिला प्रश्न बिलाचा. बिल नव्हतं, चिठ्ठी होती, तिच्यावर आकडे सोडून काही नव्हतं. अर्ज घेतला, पुढे काही झालं नाही. फोन तोपर्यंत बंद पडला होता. ग्राहक आयोगाचं विचारलं तेव्हा एका वकिलांनी सांगितलं की धंद्यासाठी घेतलेल्या मालाची तक्रार तिथं सहसा चालत नाही, पण स्वतः राबून पोट भरणाऱ्यानं त्यासाठीच घेतलेल्या मालाला 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सूट आहे, आणि दोन वर्षांच्या आत जावं लागतं. म्हणजे माझ्यासारख्याला दार उघडं होतं. अडलं ते बिलापाशी. अठरा टक्के वाचवायला मी जो कागद सोडला, तोच माझा एकमेव पुरावा झाला असता. बिल घ्या, आणि त्यावरचा जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकून पाहा. आपल्या राज्यातल्या नोंदणीचा नंबर 27 नं सुरू होतो, आणि पोर्टलवर निघालेलं नाव विकणाऱ्याचं आहे की नाही ते लगेच दिसतं.

आता मी नवा डबा फोडला की आधी कपात थोडा माल मापानं कालवतो, तारीख लिहून खिडकीत ठेवतो आणि सकाळपर्यंत त्या डब्याला गाडीजवळ येऊ देत नाही. एक विनंती, हार्डनर खरा की खोटा हे हुंगून पाहू नका. आयसोसायनेटनं दमा लागतो, आणि तोंडाला बांधलेल्या रुमालानं ते अडत नाही. कप बोलतो, तेवढं पुरे.

तुमच्याकडे असा माल आला असेल तर डबा फेकू नका. झाकण, लेबल, थोडा माल, सगळं ठेवा. खऱ्या कंपनीच्या वितरकाला दाखवा, त्यांचं नाव चोरलं गेलेलं असतं, त्यामुळे ते ऐकून घेतात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 नंबरही आहे. माझ्याकडचे दोन डबे मी फळीवर ठेवले आहेत, लाल ओघळाचा एक आणि उचकटलेल्या झाकणाचा एक. ज्याला आपल्या डब्याशी ताडून पाहायचं असेल त्यानं गॅरेजवर यावं, हातात घेऊन पाहावं.