‘अगं, सा कुठे गेला?’ : लिनक्स मिंटवर सहा महिने, फक्त आवाजाबद्दल

गेल्या दसऱ्याला घरच्या जुन्या डेस्कटॉपवर विंडोज काढून लिनक्स मिंट 22 ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम चढवली. आता गुढीपाडवाही होऊन गेला. विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपणार होता आणि आमचा प्रोसेसर चौथ्या पिढीचा आय3, त्यामुळे विंडोज 11 चा प्रश्नच नव्हता. मशीन मात्र ठणठणीत. आठ जीबी रॅम, दोन वर्षांपूर्वी टाकलेली एसएसडी. ते भंगारात काढायला मन होईना. वेग, प्रिंटर, मराठी टायपिंग हे सगळं उत्तम चाललंय, त्याबद्दल एवढंच पुरे. मला लिहायचंय ते आवाजाबद्दल, कारण आमच्या घरात हा कॉम्प्युटर मुख्यतः ऐकण्यासाठी आहे.

आई गाणं शिकवते. आम्ही मिरजेचे, तंबोऱ्यांच्या गावचे. संध्याकाळी सहा वाजता मुली येतात. आईचा घसा आता पूर्वीसारखा दोन-दोन तास साथ देत नाही, म्हणून तिने पलटे, अलंकार, छोट्या ताना स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवल्यात. एक तुकडा वाजतो, थांबतो, मुली म्हणतात, मग पुढचा. मागे तंबोऱ्याचं सॉफ्टवेअर चालू. मदरबोर्डवरचं रिअलटेकचं साधं साउंड कार्ड, मागच्या हिरव्या जॅकला दोन स्पीकर. एवढाच संसार.

पहिल्या दिवशी काहीच वाजलं नाही. पडद्यावर आवाजाची पट्टी पूर्ण, गाण्याचा काटा पुढे सरकतोय, स्पीकर मुके. मी टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून ‘एप्ले’ या आज्ञेला साउंड कार्डांची यादी विचारली (‘उणे एल’ लावून, धाकट्या लिपीतला एल), तेव्हा उलगडा झाला. या पिढीच्या इंटेल मशीनवर एचडीएमआयचा, म्हणजे मॉनिटरला चित्राबरोबर आवाजही नेणाऱ्या वायरीचा, आवाज हे वेगळं कार्ड म्हणून दिसतं. आमच्याकडे त्याला शून्य नंबर मिळाला होता आणि खऱ्या जॅकवाल्या कार्डाला एक. आवाज इमानदारीत मॉनिटरकडे जात होता, आणि मॉनिटरला स्पीकरच नाहीत. सेटिंग्जमध्ये आउटपुट बदललं. पण मॉनिटर झोपून उठला की स्वारी परत एचडीएमआयवर. कायमचा उपाय ‘पॅव्हूकंट्रोल’ या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये सापडला. त्याच्या कॉन्फिगरेशनच्या पानावर प्रत्येक कार्डाचं प्रोफाइल असतं, तिथे एचडीएमआयचं प्रोफाइल ‘ऑफ’ करून टाकलं. त्यानंतर आजतागायत आवाज तिकडे गेलेला नाही. हे छोटं सॉफ्टवेअर तुमच्याकडे नसेल तर आधी टाकून घ्या. मिंटच्या स्वतःच्या साउंड सेटिंग्ज दिसायला छान आहेत, पण अडचणीच्या वेळी पॅव्हूकंट्रोलच कामाला येतं.

तरी मागचे स्पीकर गप्पच. आउटपुटच्या यादीत ‘हेडफोन्स’ जोडलेले आहेत असं दिसत होतं आणि कॅबिनेटच्या पुढच्या जॅकमध्ये काडीही नव्हती. इथे टर्मिनलमधून ‘अल्सामिक्सर’ हा आवाजाच्या पट्ट्यांचा प्रोग्राम उघडावा लागतो. काळ्या पडद्यावर उभ्या पट्ट्या दिसतात. एफ6 दाबून योग्य कार्ड निवडायचं, नाहीतर आपण एचडीएमआयच्याच पट्ट्या बघत बसतो. पट्टीखाली दोन ‘एम’ दिसले तर ती वाहिनी बंद, दोन शून्यं दिसली तर उघडी. एमची कळ दाबली की बदलते. उजवीकडे जात राहिलं की शेवटाकडे ‘ऑटो-म्यूट मोड’ येतो. तो चालू असेल तर हेडफोन लावताच मागचे स्पीकर बंद होतात. आमचं कार्ड समजत होतं की पुढे कायम हेडफोन लावलेला आहे.

ऑटो-म्यूट बंद केला, आउटपुट ‘लाइन आउट’ निवडलं आणि आवाज आला. पण कार्डाला असा भास का व्हावा, हे मला सोडवेना. रविवारी कॅबिनेटचं दार काढलं. पुढच्या जॅकच्या वायरीला दोन कनेक्टर असतात, एक ‘एचडी ऑडिओ’ आणि एक ‘एसी 97’. दोन्ही मदरबोर्डच्या त्याच पिनांवर बसतात. ज्यांनी मशीन जोडून दिलं त्यांनी एसी 97 चा बसवला होता. त्यात जॅक ओळखायची सोयच नसते, त्यामुळे नव्या पद्धतीच्या कार्डाला पुढे सतत काहीतरी लावलेलं आहे असं वाटत राहतं. विंडोजवर इतकी वर्षं हे जाणवलं नाही, कारण तिथल्या रिअलटेकच्या खिडकीत पुढच्या जॅकची ओळख बंद करायची खूण असते आणि ती केलेली होती. मशीन बंद करून, प्लग काढून, कनेक्टर बदलला. ऑटो-म्यूट परत चालू केला. आता हेडफोन लावला की स्पीकर गप्प होतात, काढला की बोलतात. दोन मिनिटांचं काम, आणि ते लिनक्समुळे उघड झालं, याचा मला आनंद वाटला.

यानंतर आठवडाभर सगळं सुरळीत. मग एका संध्याकाळी आतून हाक आली, “अगं, सा कुठे गेला?”

मला कळेना. आईने पलट्याची फाइल पुन्हा लावली. ‘सा रे ग, रे ग म’ असा तो पलटा. स्पीकरमधून हलकासा ‘टक्’ आला आणि थेट ‘रे ग’. पहिला सा गिळलेला. फाइल मागे घेऊन लगेच लावली तर सा शाबूत. मुलींनी म्हणून झाल्यावर पुढचा तुकडा लावला तर परत सा गायब. गाणं शिकवणाऱ्या बाईच्या घरी षड्जच ऐकू न येणं म्हणजे काय, हे सांगायला नको. मुली गोंधळून रे पासून उचलायला लागल्या होत्या. त्या दिवशी आईने क्लास स्वतःच्या घशावर काढला, आणि रात्री तिचा आवाज बसला. म्हणून दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले ती घड्याळ घेऊनच बसले.

तीन सेकंद थांबून फाइल लावली, सा आला. पाच सेकंद, आला. सात सेकंद, गेला. दहा सेकंद, गेला. व्हीएलसी सोडून दुसऱ्या प्लेअरवर तसंच, ब्राउझरमध्येही तसंच. म्हणजे दोष प्लेअरचा नव्हता, त्याच्या खालच्या थराचा होता.

हे थर एकदा समजून घेतले की निम्मं काम होतं. सगळ्यात खाली कर्नलमधली (लिनक्सच्या गाभ्यातली) ‘अल्सा’, जी थेट साउंड कार्डाशी बोलते. यारोस्लाव किसेला यांनी 1998 च्या सुमारास ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड या कार्डासाठी सुरू केलेलं काम 2003 च्या अखेरीस आलेल्या 2.6 कर्नलमध्ये मुख्य झालं, ते आजही पाया म्हणून आहे. तिच्यावर अनेक प्रोग्रामांचा आवाज एकत्र करणारा प्रोग्राम, म्हणजे सर्व्हर, लागतो. बरीच वर्षं ते काम ‘पल्सऑडिओ’ करत होता, आता ‘पाइपवायर’ करतो. विम टायमन्स यांनी तो लिहायला घेतला, फेडोरा या दुसऱ्या लिनक्सने 2021 मध्ये तो आवाजासाठी मूळ म्हणून स्वीकारला, आणि मिंट 22 मध्येही तोच आहे. पाइपवायरच्या बरोबर ‘वायरप्लंबर’ असतो, जो कुठला आवाज कुठे जोडायचा हे ठरवतो.

तर वायरप्लंबर काय करतो, पाच सेकंद काही वाजलं नाही की साउंड कार्ड मोकळं सोडतो. कार्ड मोकळं झालं की कर्नलचा ड्रायव्हर आपली घटिका मोजायला लागतो आणि ठरावीक सेकंदांनी कार्डावरच्या चिपची वीज तोडतो. पुढचा आवाज आला की चिप जागी होते, ती जागी होताना ‘टक्’ वाजतं, आणि तोवर पहिला स्वर निघून गेलेला असतो. ती घटिका ‘सिस’ फोल्डरमधल्या एका छोट्या फाइलमध्ये दिसते. ड्रायव्हरचं नाव ‘एसएनडी एचडीए इंटेल’, त्याच्या पॅरामीटर्समध्ये ‘पॉवर सेव्ह’. उघडून पाहिलं तर त्यात आकडा होता 1. पाच आणि एक सहा. पाच सेकंदांना सा येत होता, सात सेकंदांना जात होता. हिशेब तंतोतंत जुळला.

रूटच्या (मशीनच्या सर्वाधिकारी खात्याच्या) अधिकाराने तिथे 0 लिहिला, शून्य म्हणजे वीज तोडूच नको. मिनिटभर थांबून पलटा लावला. सा स्वच्छ, टक् नाही. मग हे कायम राहावं म्हणून ड्रायव्हरांच्या सेटिंग्ज ठेवायच्या ‘मॉडप्रोब’ फोल्डरमध्ये तोच पर्याय एका ओळीत लिहून ठेवला आणि मशीन पुन्हा चालू केलं. सा परत गेला. फाइलमध्ये पुन्हा 1.

इथे माझी पूर्ण संध्याकाळ गेली. ओळ बरोबर, फाइलचं नाव बरोबर, तरी आकडा बदलतोय, म्हणजे माझ्यानंतर येऊन दुसरं कुणीतरी तो लिहितंय. शेवटी आठवलं की पहिल्याच आठवड्यात मी वीज वाचवायला ‘टीएलपी’ टाकलं होतं. त्याच्या सेटिंग्जमध्ये साउंडच्या वीजबचतीचा स्वतःचा आकडा असतो आणि मशीन चालू होताना तो सगळ्यांवर कडी करतो. टीएलपी मुळात लॅपटॉपच्या बॅटरीसाठी आहे. डेस्कटॉपवर त्याची गरज नव्हती, काढून टाकलं. त्या रात्रीपासून आजवर सा गेलेला नाही. लॅपटॉपवाल्यांनी टीएलपी काढू नये. त्याच्याच फाइलमध्ये विजेच्या प्लगवर असतानाचा साउंडचा आकडा 0 करावा, म्हणजे बॅटरीवर असताना बचत चालू राहते.

जानेवारीत तिसरी तक्रार. तंबोरा चालू असताना मधूनच बारीक चरचर. आई म्हणाली, “जवारी बिघडल्यासारखं वाटतंय.” जवारी म्हणजे तंबोऱ्याच्या घोडीवरून तारेला येणारा झंकार. तिचा कान अचूक. एरवी गाण्यात ही चरचर लपून गेली असती, पण तंबोऱ्याच्या अखंड नादात तिला लपायला जागा नसते. आता मी साउंड तपासायला नेहमी तंबोराच लावते. ‘पीडब्ल्यू-टॉप’ नावाची आज्ञा चालवली की पाइपवायरमधून कोण किती वेगाने जातंय ते दिसतं. तंबोऱ्याच्या सॉफ्टवेअरने 256 नमुन्यांचा (आवाजाच्या मोजमापांचा) तुकडा मागितला होता. सेकंदाला 48000 नमुने, म्हणजे दर पाच मिलिसेकंदांना नवा तुकडा हजर पाहिजे. भावाने ब्राउझरमध्ये व्हिडिओ उघडला की आमचा जुना प्रोसेसर मागे पडायचा आणि चुकांच्या रकान्यातला आकडा चढत जायचा. पाइपवायरच्या माझ्या खात्यातल्या कॉन्फिग फोल्डरमध्ये एक छोटी फाइल करून कमीत कमी तुकडा 1024 केला. आता एकवीस मिलिसेकंदांची सवड मिळते, चुकांचा आकडा जागचा हलत नाही. ऐकण्यासाठी एवढा उशीर कळतही नाही. मात्र कुणी कॉम्प्युटरला कीबोर्ड जोडून थेट वाजवणार असेल तर त्याला बोट आणि स्वर यांत अंतर जाणवेल, त्याने हा आकडा वाढवू नये.

या सगळ्यात सर्वांत जास्त वेळ कशाने खाल्ला असेल तर शिळ्या सल्ल्यांनी. ‘पल्सऑडिओ बंद करून परत चालू करा’ हा उपाय शंभर ठिकाणी सापडतो. मिंट 22 वर आवाज पल्सऑडिओ हाताळतच नाही. पाइपवायर त्याच्या भाषेत बोलतो म्हणून जुनी साधनं चालतात, एवढंच. टर्मिनलमध्ये ‘पॅक्टल इन्फो’ ही आज्ञा दिली की सर्व्हरच्या नावात पाइपवायर आहे का ते स्पष्ट दिसतं, ते आधी बघा. उलटही होतं. वायरप्लंबरच्या 0.5 आवृत्तीपासून सेटिंग्ज लिहायची पद्धत बदलली, मिंट 22 वर अजून 0.4 आहे आणि तिथे त्या लुआ या प्रोग्रामिंग भाषेतल्या फाइलमध्ये लिहाव्या लागतात. नव्या पद्धतीची फाइल ठेवली तर ती कुणी वाचतच नाही, आणि चूक झाली असंही कुणी सांगत नाही. याचा मला मनापासून राग आला. निदान ‘ही फाइल मला कळत नाही’ एवढं तरी पडद्यावर यायला हवं.

मी तो अनुभव यूएसबी हेडफोनच्या अडॅप्टरमुळे घेतला. सकाळच्या रियाजासाठी आईला हेडफोन हवा होता. अडॅप्टर लावताच चालला, ड्रायव्हरचं नाव नाही. पण त्याचंही तेच दुखणं, शांततेनंतर पहिला स्वर कापायचा. इथे कर्नलच्या त्या आकड्याचा संबंध नव्हता, कारण यूएसबी कार्डाचा ड्रायव्हर वेगळा. वायरप्लंबरची पाच सेकंदांची मुदत 0 करावी लागली, म्हणजे तो कार्ड मोकळं सोडतच नाही. जुन्या पद्धतीने फाइल लिहिली आणि पहिल्या फटक्यात झालं.

ब्लूटूथ मात्र आम्ही गाण्यासाठी वापरत नाही. नुसतं ऐकताना ठीक, पण व्हिडिओ कॉलवर हेडसेटचा माइक चालू झाला की आवाजाचा दर्जा फोनवर बोलल्यासारखा खाली येतो. परगावच्या दोन मुली ऑनलाइन शिकतात, त्यांच्या वेळेला आई तारेचा हेडफोन लावते आणि वेबकॅमचा माइक वापरते.