बावीस मिनिटांचा मारवा, ४४ बाइटमध्ये

आमच्या घरात बाबांच्या गाण्याच्या चौदा सीडी आहेत. बाबा काही नावाजलेले गवई नव्हते. शाळेत गणित शिकवायचे आणि रामबागेतल्या जुन्या घरी महिन्यातून एकदा सतरंजी अंथरून बैठक करायचे. तरुणपणी त्यांनी अतिसंथ ख्यालासाठी प्रसिद्ध उस्ताद अमीर खाँसाहेबांना इंदुरातच ऐकलं होतं. त्याचा परिणाम असा, की बाबांचा ख्याल सुरू झाला की आई आत जाऊन कुकर लावून यायची, तरी बाबा स्थायीतच, म्हणजे बंदिशीच्या पहिल्या भागातच असायचे. मेहुण्यानं २००५ साली साठ-साठ मिनिटांच्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून त्यांच्या सीडी करून दिल्या. कॅसेटी पुढे घर बदलताना गेल्या. आता जे काही आहे ते या चौदा चकत्यांवर.

मुलानं पुण्याहून पाठवलेल्या नव्या लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नाही. म्हणून जेल रोडच्या गर्दीत एका लहानशा दुकानात शिरलो. तिथला पोरगा फार गोड बोलणारा. "बैठो अंकल, पहले पानी पियो." वरून जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह त्यानं १,६०० रुपयांना दिला. खोका चकचकीत, प्लगच्या आतली जीभ निळी. "नीला मतलब यूएसबी थ्री, एकदम फास्ट." बिल मागितलं तर म्हणाला, "बिल लोगे तो जीएसटी जुड़ेगा." मी जीएसटी वाचवला. आयुष्यभर सरकारी नोकरीत दुसऱ्यांची बिलं तपासली आणि स्वतःच्या वेळी हे असं.

घरी पहिली सीडी वाजली, दुसरी नुसतीच कर्र-कर्र करत फिरत राहिली. परत दुकानात. "अंकल, ड्राइव ठीक है. नए लैपटॉप में ऑडियो का लाइसेंस नहीं आता, डलवाना पड़ता है." ९०० रुपये घेऊन त्यानं काहीतरी टाकून दिलं. पडद्यावर नारिंगी-पांढरा शंकू आला.

त्याच्या बोलण्यात एक धागा खरा होता, हे मला नंतर कळलं. विंडोज ८ पासून विंडोजच्या स्वतःच्या प्लेअरमध्ये डीव्हीडीवरचा सिनेमा आपोआप दिसत नाही, त्याला वेगळं सॉफ्टवेअर लागतं. पण ते सिनेमाच्या डीव्हीडीपुरतं. गाण्याच्या सीडीला कसलंही लायसन्स लागत नाही. आणि तो शंकू म्हणजे व्हीएलसी. कोणीही घरबसल्या फुकट उतरवून घ्यावा असा प्लेअर.

सीडी तरीही अडायच्याच. तिसऱ्या खेपेला त्यानं चौदाही सीडी उजेडात धरून पाहिल्या आणि आमच्या डॉक्टरांसारखी मान हलवली. "ये तो जा रही हैं अंकल. पेन ड्राइव में ले लो, जिंदगीभर का काम." इथं मी घाबरलो. दर सीडीमागे १२० म्हणजे १,६८०, आणि वर "एक टीबी" पेनड्राइव्हचे १,४००. मी बसलो, चहा मागवला गेला, आणि साधारण वीस मिनिटांत चौदाच्या चौदा सीडी उतरून झाल्या. विश्वास बसावा म्हणून त्यानं पेनड्राइव्ह उघडून माझ्यासमोर एक फाइल दाबली. बाबांचा आवाज आला. भर दुकानात माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. डीव्हीडी ड्राइव्हचा बारीक दिवा मात्र तेव्हा लुकलुकत होता. मी तो पाहिला आणि सोडून दिला.

घरी येऊन सहज शेवटचं फोल्डर उघडलं, तर भजनं छान वाजली. मग निवांत झालो. सीडी डब्यात घालून कपाटावर टाकल्या.

राखीला भाची आली. ती इंजिनिअरिंगला आहे. तिला आजोबांनी गायलेला मारवा राग ऐकायचा होता. फाइल दाबली, काही नाही. दुसरी दाबली, तीच गत. तिनं फाइलवर उजवं बटण दाबून माहिती काढली आणि म्हणाली, "मामा, मारवा किती मिनिटांचा आहे?" बावीस, म्हटलं. "आणि ही फाइल ४४ बाइटची आहे."

माझ्यासारख्यांसाठी सोपं करून सांगतो. गाण्याच्या सीडीवर फाइली नसतातच. आवाज एका अखंड सर्पिल पट्टीवर ओळीनं भरलेला असतो, सेकंदाला ४४,१०० नमुने. विंडोज आपल्या सोयीसाठी प्रत्येक ट्रॅकमागे एक चिमुकली 'सीडीए' फाइल दाखवतं. तिच्यात गाणं नसतं. कोणत्या सीडीवरचा कितवा ट्रॅक, कुठून सुरू आणि किती लांब, एवढंच असतं. देवनागरी अक्षराला साधारणपणे तीन बाइट लागतात, म्हणजे ४४ बाइटमध्ये 'मारवा विलंबित एकताल' एवढं नावसुद्धा मावायचं नाही. त्या पोरानं या चिठ्ठ्या उचलून पेनड्राइव्हवर टाकल्या होत्या. सीडी ड्राइव्हमध्ये असेपर्यंत चिठ्ठी दाबली की गाणं सीडीवरून वाजतं. दुकानात मी ऐकलं ते सीडीवरचं. दिवा त्यामुळेच लुकलुकत होता.

मग भजनं कशी वाजली? चौदावी सीडी मेहुण्यानं एमपी३ फाइलींची केली होती. तिच्यावर खऱ्या फाइली होत्या, त्या खऱ्याच उतरल्या. मी तपासायला नेमकं तेच फोल्डर उघडलं. याला त्या पोराचं नशीब म्हणायचं.

वेळेवरूनही मला संशय यायला हवा होता. लॅपटॉपचे पातळ ड्राइव्ह सीडी जास्तीत जास्त २४ पट वेगानं वाचतात, तेही कडेच्या ट्रॅकवर. एक तासाची सीडी नीट उतरवायला पाचेक मिनिटं जातातच. तेरा सीडींना तासाभराहून जास्त लागायला हवा. वीस मिनिटांत फक्त चिठ्ठ्या उतरतात.

भाचीनं त्याच ड्राइव्हवर सीडी पुन्हा घालून, विंडोजच्या जुन्या मीडिया प्लेअरमधल्या 'रिप'नं, म्हणजे सीडीवरच्या आवाजाची खरी फाइल करणाऱ्या सोयीनं, ज्या वाचल्या जात होत्या त्या एकेक उतरवल्या. ठेवल्या कुठे, तर त्याच पेनड्राइव्हवर. तिच्यावर मी आधीच घरच्या लग्नाचे अकरा जीबी फोटो टाकून बसलो होतो. पहिल्या काही सीडी ठीक वाजल्या, पुढच्या फाइलींची नावं दिसायची पण आत कचरा. मग तिनं एच२टेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवलं. ते पेनड्राइव्ह काठोकाठ भरतं आणि लिहिलेलं परत वाचून पाहतं. एक टीबीला फार वेळ लागतो म्हणून तिनं आधी ५० जीबीच लिहून पाहिले. खरी जागा सोळा जीबीच्या आसपास निघाली. आतल्या चिपला "मी एक टीबीची आहे" असं खोटं सांगायला शिकवलेलं असतं. भरेपर्यंत सगळं सुरळीत चालतं, मग नवं लिहिलेलं हरवतं किंवा जुन्यावर बसतं. फोटो लॅपटॉपवर शाबूत होते म्हणून निभावलं.

गंमत म्हणजे मला एक टीबीची गरजच नव्हती. तेरा सीडी जशाच्या तशा, फाइली लहान न करता उतरवल्या तरी साधारण आठ जीबी होतात. चांगल्या ठिकाणची साधी सोळा जीबीची पेनड्राइव्ह पुरली असती. मोठा आकडा ऐकला की आपण माणसं हरखतो, बाबांच्या गणिताच्या वर्गात बसूनही.

शेवटी तिनं डीव्हीडी ड्राइव्हचे चार स्क्रू काढले. वरचं कवच नवं, आत कुठल्या तरी जुन्या लॅपटॉपमधून काढलेला ड्राइव्ह, लेबलवर २०११. निळ्या प्लगमध्ये यूएसबी थ्रीचे पाच जादा संपर्क नव्हतेच, फक्त प्लॅस्टिक निळं. सीडीला तसा तो वेग लागतही नाही, पण थकलेल्या लेन्सनं काही सीडी वाचता येत नव्हत्या आणि दोष मात्र बाबांच्या सीडींच्या माथी मारला गेला. याचा राग मला बाकी सगळ्याहून जास्त आला.

दोघं दुकानात गेलो. पोरानं आधी ओळखच दाखवली नाही. भाचीनं त्याच्याच काउंटरवर त्याच्याच लॅपटॉपमध्ये पेनड्राइव्ह लावून ४४ बाइटचा आकडा मोठ्यानं वाचला. मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती. तेव्हा "अरे मैडम, लड़के से गलती हो गई" सुरू झालं. कुठला लड़का? दुकानात तोच एक. एक हजार हातावर ठेवले, बाकीचे ४,५८० गेले ते गेले. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर फोन केला, तर पहिला प्रश्न बिलाचा. यूपीआयची नोंद आहे, पण पैसे दुकानाच्या नावावर नाही, कुणा बाईच्या नावावर गेलेले. तरी तक्रार नोंदवली आहे.

एका मित्राकडे जुना डेस्कटॉप आहे, त्यात जाडजूड ड्राइव्ह आहे. दर रविवारी दोन-दोन सीडी घेऊन त्याच्याकडे जातो. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी नावाचं फुकट सॉफ्टवेअर अडलेली जागा पुन्हा पुन्हा वाचत बसतं. "जा रही हैं" म्हणून सांगितलेल्या सीडींपैकी बाराव्या क्रमांकापर्यंतच्या सगळ्या निघाल्या, फक्त नववीवर एक ओरखडा आहे. तिचा दुसरा ट्रॅक गेल्या रविवारी दीड तास चालला होता. मित्राची बायको जेवायला बोलवत राहिली, आम्ही टक्के बघत बसलो. त्र्याण्णववर थांबलाय.