टॉर्चचं कव्हर: चिकटवायचं, क्लिपने बसवायचं की स्क्रूने बांधायचं?

टॉर्च, ट्रिमर, इमर्जन्सी दिवा असं काही डिझाइन करत असाल, तर कव्हरचे दोन भाग कसे जोडायचे हे साचा बनायच्या आधीच ठरवावं लागतं. लिथियम-आयन सेल साधारण 300 ते 500 पूर्ण चार्जिंगनंतर थकायला लागतो. एलईडी, स्विच, कव्हर तेव्हा धडधाकट असतात. वस्तू पुढे चालणार की भंगारात जाणार, हे त्या जोडावर ठरतं. म्हणून ही जबाबदारी गिऱ्हाइकाच्या आधी आपली आहे.

चिकटवलं किंवा अल्ट्रासॉनिक वेल्डिंग केलं, म्हणजे अतिसूक्ष्म कंपनांनी प्लास्टिक वितळवून जोडलं, तर काम झटपट होतं, सुटा भाग लागत नाही, पाणी आत शिरत नाही. पण असा टॉर्च दुरुस्तीच्या दुकानात उघडताना मी जवळून पाहिलाय. कारागीर ब्लेडने जोड कापत होता, तोही श्वास रोखून, कारण पातं सेलमध्ये घुसलं तर आग लागू शकते. सेल बदलला, टॉर्च लागला, पण कव्हर मिटेना. शेवटी चिकटपट्टी गुंडाळून दिला.

क्लिप स्वस्त पडते. मात्र ती कुठे दाबायची याची खूण नसेल, तर पहिल्याच वेळी तुटते. पॉलिस्टायरीनसारख्या ठिसूळ प्लास्टिकमध्ये तर नकोच.

स्क्रूला जुळणीचा वेळ आणि खर्च जास्त. थेट प्लास्टिकमध्ये पिळलेल्या स्क्रूचे आटे काही वेळा उघडझाप केली की जातात. पितळी इन्सर्ट, म्हणजे प्लास्टिकमध्ये बसवलेली आट्यांची छोटी नळी, टाकला की टिकतात, पण पुनर्वापरासाठी प्लास्टिक दळण्याआधी तो काढावा लागतो. तरी मी स्क्रूच निवडेन: साधा प्लस डोक्याचा, कोणाच्याही घरच्या स्क्रूड्रायव्हरने फिरणारा. आत 18650 सेल, म्हणजे 18 मिमी व्यासाचा आणि 65 मिमी लांबीचा, होल्डरमध्ये बसवलेला, चिकटवलेला नको. पावसासाठी जोडात रबरी रिंग द्या. सतत पाण्यात राहणारी वस्तू असेल तरच वेल्डिंगचा विचार करा.

खर्चावरून अडवलं, तर युरोपीय संघाचा नियम पुढे ठेवा: 18 फेब्रुवारी 2027 पासून, मोजके अपवाद सोडले तर, उपकरणातली छोटी बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे. निर्यात करायची असेल तर साचा आत्ताच तसा करून घेतलेला बरा.

आणि नमुना तयार झाला की एखाद्या दुरुस्तीवाल्याच्या हातात द्या, काही न सांगता. त्याने ब्लेड उचललं, तर ड्रॉइंग परत काढा.