पीएच.डी. नोंदणीच्या नावाखाली गेलेले 1,85,000 रुपये

गेली नऊ वर्षे मी तासिका तत्त्वावर शिकवते. पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा (पेट) उत्तीर्ण होऊनही दोन वर्षे मला मार्गदर्शक मिळाला नाही, कारण प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच संशोधक घेता येतात आणि जिथे विचारावे तिथे जागा भरलेल्या. अशा वेळी ओळखीतल्या एकांनी परराज्यातील एका खासगी विद्यापीठात ‘काम करून देणाऱ्या’ गृहस्थाचा क्रमांक दिला. हे मी हव्यासापोटी केले नाही. पदवी मला अभ्यास करूनच हवी होती, माझा विषय आणि आराखडा दोन्ही तयार होते.

नोंदणीचे 25,000, मार्गदर्शकाचे 60,000, कोर्सवर्कचे (संशोधनाआधीच्या सक्तीच्या अभ्यासक्रमाचे) 55,000 आणि सिनॉप्सिसचे (प्रबंधाच्या रूपरेषेचे) 45,000 रुपये मी ऑगस्ट ते डिसेंबर 2024 या काळात भरले. यातला एकही रुपया विद्यापीठाच्या खात्यात गेला नाही. शुल्क कोणा व्यक्तीच्या खात्यावर मागितले, तर तिथेच फोन ठेवावा.

नोंदणीपत्र आले तो दिवस मात्र मला अजून छळतो. अर्ज मी ऑगस्ट 2024 मध्ये भरला होता आणि पत्रावर तारीख होती जानेवारी 2023 ची. विचारल्यावर उत्तर आले, “मॅडम, जुन्या बॅचमधली जागा रिकामी होती, तुमचे दीड वर्ष वाचले.” विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमावलीप्रमाणे पीएच.डी.ला कोर्सवर्क धरून किमान तीन वर्षे लागतात, हे मी स्वतः विद्यार्थ्यांना सांगत आले आहे. तरीही त्या दिवशी मला आनंद झाला, आणि पैसे गेल्यापेक्षा त्या आनंदाची लाज मला अधिक वाटते. तिथे थांबले असते तर नुकसान 25,000 वरच राहिले असते. पुढे एकही तास न होता कोर्सवर्कचे प्रमाणपत्र आले, तेही मी फाईलला लावून ठेवले.

जानेवारी 2025 मध्ये राजस्थानातील तीन विद्यापीठांना पाच वर्षे पीएच.डी. प्रवेश देण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने मनाई केल्याची बातमी वाचली. माझे विद्यापीठ त्यांत नव्हते, तरी धसका घेऊन मी कुलसचिवांना पत्र लिहिले. दोन ओळींचे उत्तर आले: या नावाची नोंद नाही, सदर व्यक्तीशी संबंध नाही. आपल्या नावाचे बनावट पत्र फिरते आहे, याची चौकशी करावी असे त्यांना वाटले नाही. पैसे भरण्याआधी प्रवेशाची यादी आणि मार्गदर्शकाची मान्यता कुलसचिव कार्यालयाकडून लेखी मागवा. मी ती नंतर मागवली.

पोलीस ठाण्यात आधी ऐकवले गेले की पैसे तुम्ही आपखुशीने दिलेत, मग सांगितले गेले की ही आमची हद्द नाही. हद्द कोणतीही असो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावीच लागते, हे मी कागद पुढे ठेवून दाखवले, तर “शिकलेल्या असून फसलात कशा?” हा प्रश्न आला. सायबर शाखेने उशीर झाल्याचे सांगितले. (1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर त्याच दिवशी कळवावे, हे खरे आहे, पण फसवणूक झाल्याचे कळायलाच मला पाच महिने लागले होते.) एका वरिष्ठ कार्यालयाने माझी तक्रार ‘योग्य कार्यवाहीसाठी’ त्याच विद्यापीठाकडे पाठवली. चार अर्ज, अकरा फेऱ्या, आणि गुन्हा अद्याप नोंदलेला नाही.

परवा माझ्याच विभागातील एका सहकाऱ्याला त्याच क्रमांकावरून संदेश आला: जुन्या बॅचमधील दोन जागा शिल्लक आहेत.